तास कुठून मोजायचा?

(घरकामगार स्त्रिया आणि कार्यकर्त्या यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेलं भाषण)



सकाळच्या सत्रात पगारवाढीची चर्चा झाली. यंदा किती वाढ मागायची यावर चांगली गरमागरमी झाली, आणि ती व्हायलाच हवी. मला बोलायचं आहे ते त्याच्या अलीकडच्या एका गोष्टीबद्दल. आपण पगार मागतो तो नेमका कशाचा? कामाचा, वेळेचा, की त्या घरात जाऊन आल्याचा? हे आधी ठरलं नाही तर वाढ मिळूनही हाती काही लागत नाही. पगार दोनशेने वाढतो, आणि पुढच्याच महिन्यात बाल्कनीची फरशी, सुनेचे कपडे आणि रविवारच्या पाहुण्यांची भांडी त्याच कामात येऊन बसतात. वाढ दिसते कागदावर, आणि खर्च होते आपल्या कमरेतून.

आपल्या कामात पगार मोजायच्या तीन रीती आहेत. तिन्ही नीट पाहिल्या पाहिजेत, कारण प्रत्येकीत आपला वेळ वेगळ्या जागी गळतो.

पहिली रीत कामावर पगार देण्याची. पुण्यात ती जुनी आहे. धुणं एक काम, भांडी दुसरं काम, केर-फरशी तिसरं. दर कामाचा महिन्याचा भाव. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणी संपावर गेल्या, तेव्हा शहराने पहिल्यांदा मान वर करून आपल्याकडे पाहिलं. त्या लढ्यातून संघटना उभी राहिली आणि दरपत्रक आलं. घरात माणसं किती, कामं किती, त्यावर पगार. महिन्याच्या हक्काच्या सुट्ट्या, दिवाळीला बोनस. आज तरुण मुलींना हे सगळं आपोआप आलेलं वाटतं. ते आपोआप आलेलं नाही. त्याआधी पगार म्हणजे मालकीण देईल ते, वर शिळी पोळी आणि जुनं लुगडं.

या रीतीचा फायदा असा, की हात चालणाऱ्या बाईला ती सोयीची आहे. काम संपलं की आपण मोकळ्या. कुणी घड्याळ लावून बसत नाही. पण तोटा असा, की ‘काम’ हा शब्द रबरासारखा आहे. ‘केर-फरशी’ म्हणजे किती खोल्या? कोळिष्टकं त्यात येतात का? पलंगाखालचं? ‘भांडी’ म्हणजे एका वेळची की दोन्ही वेळची? ‘चार माणसांचं धुणं’ ठरलं, आणि मुलगी बाळंतपणाला आली, तर दुपटी कुणाच्या हिशोबात? दर ठरला पण काम ठरलं नाही, तर रबर नेहमी एकाच बाजूला ताणलं जातं.

दुसरी रीत तासावर पगाराची. परदेशात ही चालते, आणि आता मोठ्या शहरांत मोबाईलवरच्या अ‍ॅपमुळे आपल्याकडेही आली आहे. तासाला बाई बोलवा, तास झाला की ती जाईल. यात काम वाढलं तर वेळ वाढतो, वेळ वाढला तर पैसे वाढतात. हे तत्त्व आपल्याला हवंच आहे. पण तास सुरू होतो कुठे? मालकिणीच्या दारात. त्याआधी बस, रिक्षा, पायपीट, फाटकावरची चौकशी, लिफ्टची वाट, आणि मधल्या वेळात कुठल्या तरी पारावर पुढच्या बोलावण्याची वाट पाहणं, हे सगळं कुणाच्याच तासात बसत नाही. शिवाय तास विकत घेतलेला माणूस त्यातलं एकेक मिनिट वसूल करू पाहतो. पाणी प्यायला बसलं तरी नजर घड्याळाकडे.

तिसरी रीत घरामागे पैसे. ही टोळीने सफाई करणाऱ्यांची. दिवाळीच्या आधी, घर बदलताना, नवीन फ्लॅटचा ताबा मिळताना तीनचार जणी मिळून जातात, घर वरपासून खालपर्यंत धुऊन काढतात. कंत्राटदार गिऱ्हाइकाकडून घराचे पैसे घेतो, आणि बायकांना ‘एका घराचे इतके’ म्हणून देतो. घर लहान असो, मोठं असो, पोचायला दहा मिनिटं लागोत की दीड तास, घराचे पैसे तेच.

आता आकडे मांडू. हे आकडे मी हिशोबापुरते धरते आहे. आपापल्या घरांचे आकडे घालून प्रत्येकीने आपलं गणित करावं.

समजा, एका घरात तीन कामं आहेत आणि महिन्याला ३,००० रुपये मिळतात. महिन्याला दोन सुट्ट्या धरल्या तर २८ दिवस. आत काम दीड तासाचं. म्हणजे महिन्याचे ४२ तास, आणि तासाला सुमारे ७१ रुपये. मालकीण हाच हिशोब करेल, आणि तिच्या बाजूने तो बरोबरच असेल. आता आपण वहीत काय लिहिलं ते बघू. त्या घरापर्यंत चालत जाणं वीस मिनिटं. दार उघडेपर्यंत, मोरी रिकामी होईपर्यंत, कपडे भिजवून मिळेपर्यंत दहा मिनिटं. म्हणजे रोजचे दोन तास. महिन्याचे ५६ तास, आणि तासाला साडेत्रेपन्न रुपये. महिन्यात चार दिवस पाहुणे आले, दर वेळी अर्धा तास जास्त गेला, की ५८ तास, आणि तासाला ५२ रुपये. पगाराला कुणी हात लावला नाही. भांडण नाही, कापाकापी नाही. तरी ७१ चे ५२ झाले. सकाळी आपण ज्या वाढीसाठी घसा कोरडा केला, तिच्यापेक्षा ही गळती मोठी असू शकते.

टोळीचं गणित असंच. समजा, एका घराचे प्रत्येकीला ५०० रुपये. घरात साडेचार तास काम. कंत्राटदार म्हणेल, तासाला १११ रुपये पडतात, कुठल्या कचेरीत मिळतात सांगा! पण नाक्यावर टेम्पोची वाट पाहण्यात अर्धा तास, आणि जाऊन-येऊन दोन तास. एकूण सात तास. तासाला ७१ रुपये. आणि एखाद्या दिवशी दारात पोचल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, ‘आज नको, सासूबाईंना बरं नाही,’ तर जाण्यायेण्याचे दोन तास गेले, दिवस मोडला, हातात शून्य. गिऱ्हाइकाची सासू आजारी, कंत्राटदाराचं घर गेलं, पण भरपाई केली कुणी? टोळीतल्या तिघींनी.

आमच्या वस्तीत आम्ही यासाठी वही ठेवायला लागलो. त्यात फार हुशारी नाही. लहान, ब्लाउजात किंवा पाकिटात मावेल अशी वही. एका घराला एक पान. रोजच्या चार खुणा: घरून किंवा आधीच्या घरातून निघाले कधी, दारात पोचले कधी, कामाला हात लावला कधी, बाहेर पडले कधी. ज्यांना लिहिता येत नाही त्या पाव तासाला एक रेघ ओढतात. संध्याकाळी शाळेत जाणारी मुलगी बेरीज करते. ठरल्याबाहेरचं काम असेल तर फुली, आणि ते काय होतं हे तोंडाने सांगून लिहून घ्यायचं. खाडा आपला असेल तर गोल, आणि मालकीण गावाला गेल्यामुळे काम नसेल तर गोलात टिंब. हे टिंब फार महत्त्वाचं आहे. कारण महिन्याच्या शेवटी ‘तू आठ दिवस आली नाहीस’ असं ऐकू येतं, तेव्हा त्यातले सहा दिवस कुलूप त्यांचंच होतं हे सांगायला दुसरा कुठलाही साक्षीदार नसतो.

वही सुरू केल्यावर पहिली गोष्ट घडते ती आपल्याच डोक्यात. बायका म्हणतात, ‘ताई, मला वाटायचं मी चार घरं करते, म्हणजे सकाळचंच काम. ही तर आठ तासांची नोकरी झाली.’ आपल्या कामाला ‘अर्धवेळ’ म्हणायची रीत आहे. एकेका मालकिणीच्या दृष्टीने ते अर्धवेळ, पाववेळ असेल. पण बाईचा दिवस एकच असतो, आणि तो पूर्ण जातो.

आता तुमच्या मनातली शंका. ती मी बऱ्याच बैठकांतून ऐकली आहे. ‘आपण वेळ मोजायला लागलो, तर वहिनीही मोजतील. आज मी तासाचं काम पाऊण तासात उरकते, उद्या त्या म्हणतील पाऊण तासाचेच पैसे.’ ही शंका खोटी नाही. कारखान्यांच्या इतिहासात घड्याळ आधी मालकाच्या हातात आलं, आणि कामगाराला त्याने पळवलं. म्हणून आपली मागणी तासावर पगार ही नाही. कामाचा दर कामावरच राहू द्या. चपळ हातांचा फायदा बाईलाच मिळायला हवा. वेळ मोजायचा तो काम किती फुगलं हे दाखवण्यासाठी. दर ठरवताना काम लिहायचं, आणि त्या कामाला साधारण किती वेळ लागतो हेही लिहायचं. रोजचा वेळ त्यापलीकडे जायला लागला की समजायचं, काम बदललं आहे, आणि दराबद्दल पुन्हा बोलायची वेळ आली आहे.

दुसरं असं, की मोजणी आधीच चालू आहे. फक्त आपण ती करत नाही. मोठ्या सोसायट्यांच्या फाटकावर पूर्वी वॉचमनचं रजिस्टर असायचं. आता बऱ्याच ठिकाणी मोबाईलवर नोंद होते. तुम्ही किती वाजता आत शिरलात, किती वाजता बाहेर पडलात, कुठल्या कुठल्या घरी जाता, महिन्यात किती दिवस आलात, हे सगळं सोसायटीतल्या घरांना दिसतं. तुम्हाला दिसतं का? तुम्ही मागितलं तर तुमच्या हातात मिळतं का? खाडा दाखवायला ती नोंद चटकन बाहेर निघते. जास्तीचा अर्धा तास दाखवायला मात्र ती निघत नाही. घड्याळ आलेलंच आहे. प्रश्न एवढाच आहे, की ते एकाच हातात राहणार की दोन्ही हातांत.

हे मी माझ्या मनाचं बोलत नाही. जून २०११ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्याच्याबरोबर २०१ क्रमांकाची शिफारस आहे. तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे, की घरकामगाराच्या कामाच्या तासांची, जास्तीच्या वेळेची आणि हाताशी थांबून राहावं लागणाऱ्या वेळेचीसुद्धा अचूक नोंद व्हावी, आणि ती नोंद कामगाराला मोकळेपणाने, सहज पाहायला मिळावी. भारताने त्या कराराच्या बाजूने मत दिलं, पण त्याला अजून अधिकृत मान्यता दिलेली नाही. हात वर केला, सही केली नाही. आपल्या मालकिणीही पुष्कळदा असंच करतात!

आपल्या राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या बायकांची त्यात नोंदणी होते. ती जरूर करा. २०२१ च्या टाळेबंदीत राज्य सरकारने १,५०० रुपयांची मदत जाहीर केली, ती नोंदणी असलेल्यांना. ज्यांच्याकडे कार्ड नव्हतं त्या पाहत राहिल्या. पण हा कायदा कल्याणाचा आहे, पगार ठरवण्याचा नाही. कर्नाटकाने २००४ मध्येच घरकामाला किमान वेतन लागू केलं होतं. १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहितेने घेतली. तिच्यात मालकाने पगाराच्या नोंदवह्या ठेवाव्यात, पगाराची चिठ्ठी द्यावी असं कलम आहे. मात्र घरगुती कामासाठी पाचपर्यंत माणसं ठेवणाऱ्या मालकाला त्यातून सूट आहे. निरीक्षकाने मागितलं, तर पगार दिल्याचा पुरावा दाखवला की झालं. म्हणजे कायद्याने मालकिणीच्या हातची वही काढून घेतली. मग ती लिहायची कुणी? आपणच. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितलं, की घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करायला समिती नेमा. उद्या कुठल्याही समितीसमोर उभं राहायचं झालं, तर आपल्याकडे काय असेल? नुसती कैफियत, की हजार बायकांच्या हजार वह्या?

टोळीने काम करणाऱ्या मैत्रिणींना एक वेगळं सांगायचं आहे. तुमचा कंत्राटदार म्हणजे घर नव्हे. तो धंदा करतो. घरगुती कामाच्या नावाची ती सूट त्याला मिळू नये, म्हणून भांडा. तो तुम्हाला कामगार न म्हणता ‘भागीदार’ म्हणत असेल, तर नफ्यातला भाग मागून बघा, मग कळेल भागीदारी किती खरी आहे ते!

आणि टोळीच्या कामाचा पगार सन्मानाने कसा द्यायचा, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हमालांचं बघा. त्यांनाही एक मालक नाही. आज या दुकानाचा माल, उद्या त्या गोदामाचा. तेही टोळीने काम करतात, तेही नगावर पैसे घेतात. हमाल पंचायतीसारख्या संघटनांनी लढे दिले, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी मंडळाकडे भरायची, वर ठराविक टक्के लेव्ही भरायची, आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचे पैसे मिळायचे. ‘इतक्या मालकांचा हिशोब ठेवणार कोण?’ असं आज आपल्याला विचारतात. तोच प्रश्न त्यांनाही विचारला होता. पोत्यांचा हिशोब ठेवता येतो, तर घरांचा का येऊ नये? पोतं उचलणारा पुरुष कामगार ठरला, आणि फरशी पुसणारी बाई ‘मदतीला येते’ एवढंच राहिलं, याचं कारण हिशोबाच्या अडचणीत नाही. ते घरकामाकडे बघण्याच्या नजरेत आहे.

त्या नजरेबद्दल, इथे बसलेल्या नोकरदार मैत्रिणींशीही बोलायला हवं. सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०२४ साली असं दिसलं, की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, आणि ते करणाऱ्या पुरुषाचा ८८ मिनिटं. आपण सगळ्याजणी हे आकडे सभांमधून सांगतो, घरकामाला मोल नाही म्हणून संताप व्यक्त करतो. तो संताप खराच आहे. मग आपल्या घरातली ती मिनिटं जी दुसरी बाई उचलते, तिच्या मिनिटांना मोल देताना आपला हात आखडता का? नवऱ्याने कामात निम्मा वाटा उचलायचा हे भांडण अवघड, म्हणून आपण ते सोडून देतो आणि बाई लावतो. त्या भांडणाची बचत तिच्या पगारातून करायची नाही. ‘आमच्याकडे ती घरच्यासारखी आहे’ हे वाक्यही जरा जपून वापरू या. घरच्या बाईचा हिशोब कुणीच ठेवत नाही, म्हणून तर आपली चळवळ उभी राहिली. प्रेम असू दे, चहा असू दे, अडीअडचणीला उचलही द्या. पण त्याच्याबरोबर वहीवर सहीही द्या.

तर आजच्या शिबिराने काही गोष्टी ठरवाव्यात अशी माझी सूचना आहे.

पहिली, नवीन घर धरताना काम एका कागदावर लिहून घ्यायचं: खोल्या किती, माणसं किती, भांडी किती वेळची, आणि अंदाजे वेळ.

दुसरी, वेळ मोजायचा तो फाटकापासून. दारापासून नव्हे. दोन घरांमधलं चालणं दर ठरवताना धरायचं. लांबचं घर जवळच्या घराच्या भावात घ्यायचं नाही.

तिसरी, पाहुणे, सणवार, आजारपण यांच्या जास्तीच्या कामाचा अर्ध्या तासाचा भाव आधीच ठरवायचा. ऐन वेळी मागायला जीभ रेटत नाही, हे आपल्याला माहीत आहे.

चौथी, मालकीण गावाला गेली तर तो आपला खाडा नाही. पगार कापायचा नाही.

पाचवी, टोळीच्या कामात जाण्यायेण्याचा वेळ आणि भाडं वेगळं लावायचं. दारातून परत पाठवलं तर निदान निम्मे पैसे. टोळीत वाटणी सारखी, पण संडास-बाथरूम आणि उंचावरचे पंखे-खिडक्या आळीपाळीने; एकीच्याच वाट्याला नेहमी नको. अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग एकत्र करायला कुणी सांगितलं, तर साफ नाही म्हणायचं. त्यातून विषारी वायू निघतो, आणि त्याचा दर कुठल्याच पत्रकात नाही.

सहावी, महिन्यातून एकदा वस्तीत वह्या एकत्र करायच्या. एकटीची वही म्हणजे तिची तक्रार; एकाच सोसायटीतल्या वीस जणींच्या वह्या म्हणजे दरपत्रक.

यातली एकही गोष्ट मोर्च्याच्या घोषणेसारखी नाही, हे मला कळतं. वहीत रेघ ओढताना कुणी टाळ्या वाजवत नाही. पण १९८० मध्ये ज्यांनी दरपत्रक केलं, त्यांनीही आधी आपापल्या घरांची कामं बोटांवर मोजली असणार. त्यांनी कामं मोजली. आता त्या कामांत जाणारा वेळ मोजणं आपल्याकडे आलं आहे. बाहेरच्या टेबलावर वह्या ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकीने एक घ्यावी, आणि उद्या सकाळी पहिल्या घराला निघतानाच पहिली खूण करावी.